वहिनीची ईस्टरची पहाट

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. दादा पंप काढायला विहिरीत उतरला आणि बुडाला, त्या दिवशी उतरायची पाळी माझी होती. मला भीती वाटली, म्हणून मीच त्याला गळ घातली. घरी मात्र सांगितलं, दादानेच हट्ट केला. वहिनीने ते खरं मानलं.

ईस्टरच्या पहाटे आमच्या चर्चची मंडळी मेणबत्त्या घेऊन कबरस्तानात जातात. त्या वर्षी वहिनी येईल असं कुणालाच वाटलं नव्हतं. ती आली. नुकताच चुना दिलेल्या कबरीवर तिने मेणबत्ती लावली, डोळे पुसले आणि चक्क हसली.

"हट्टी माणसा, प्रभू तुलाही उठवणार आहे. तेव्हा तरी हट्ट करू नकोस!"

एवढ्या काळोखात एवढी आशा माणसात कुठून येते, हे मला अजून उमगलेलं नाही. पूर्वेआधी तिचा चेहराच उजळलेला मी पाहिला.

मग रीतीप्रमाणे ती माझ्याकडे वळली. "भाऊजी, ख्रिस्त उठला आहे!"

"खरोखर उठला आहे," मी म्हणालो.

आता तीही दादाशेजारी विसावली आहे. दर ईस्टरला मी तिथे दोन मेणबत्त्या लावतो. 'वहिनी, हट्ट दादाचा नव्हता, मला क्षमा कर,' एवढं मात्र ती समोर असताना कधीच म्हणता आलं नाही.