शंकरचा फोन

हे मी माझ्या बायकोलाही सांगितलेलं नाही. सांगायला बसलो की भलतंच बोलतो — बघा, तुम्हालाही आधी टेलिफोनबद्दलच सांगणार आहे.

तेव्हा बेंगळुरूतल्या आमच्या वठारात, म्हणजे चाळीत, फोन एकच, आमच्या घरी. कुणासाठी फोन आला की त्याला हाक मारायची. पलीकडचा माणूस दहा मिनिटांनी परत लावायचा. खालच्या खोलीत सुमा राहायची. बावीस वर्षांची, पोटुशी. नवरा शंकर फौजेत. कारगिलची लढाई पेटली आणि ती रोज जिन्यातून विचारू लागली, "अण्णा, फोन आला काय?" मग स्वतःच हसायची. "झोपलाय वाटतं तुमचा फोन."

त्या सकाळी मी व्हाइटफील्डच्या एका कंपनीच्या फोनची वाट पाहत होतो. नोकरीचं कळणार होतं. घंटा वाजली — शंकर होता. "अण्णा, सुमाला स्वल्प बोलवा. दहा मिनिटांनी करतो."

खाली ती कपडे धूत होती. दगडावर आपटल्याचा आवाज मला येत होता. ती वर येणार, बोलत बसणार, रडणार — आणि माझा फोन? मी म्हणालो, ती शिवाजीनगरला गेलीय. इतकं सहज कसं जमलं मला?

"सरी, ठीक आहे," तो म्हणाला. "बरा आहे म्हणून सांगा तिला. आता वर जातोय, परत लाईन मिळायची नाही."

निदान निरोप तरी द्यायचा. पण दिला असता तर ती म्हणाली असती, मी तर खालीच होते. म्हणून संध्याकाळी तिनं विचारलं तेव्हा मी नाही म्हणालो. नोकरी मला मिळाली. सुमानं माझ्या हातावर साखर ठेवली — मी ती खाल्ली.

नऊ दिवसांनी शंकर गेल्याची तार आली.

सुमा खंबीर, असं सगळे म्हणतात. खरंच आहे. बाळंतपणानंतर तीन महिन्यांत ती शिवणकामाला लागली, एकटीनं मुलगी वाढवली. पण आमचा फोन वाजला की खाली कपडे आपटायचं थांबायचं — कितीतरी महिने. ते मला वर ऐकू यायचं.

परवा मुलीनं तिला विचारलं, बाबांनी तिकडून कधीच फोन केला नाही? मी समोर चहा घेत होतो. "फोन मिळाला असता तर केलाच असता गं," सुमा म्हणाली, आणि माझ्याकडे वळली. "होय की नाही अण्णा?"

मी हो म्हणालो.