सगळ्यांना एकच कोट

माझ्या धाकट्या जावेचा भाऊ जगात कुठलीच गोष्ट दोनदा करत नाही. भडगावात त्याचं फ्लेक्स बनवायचं दुकान आहे. एकदा केलेली कमान, समई, फेटा, शाल तो कॉम्प्युटरमध्ये वेगवेगळी ठेवतो आणि लागेल तिथे लावतो. वाढदिवसाची कमान बारशाला, बारशाची दुकानाच्या उद्घाटनाला. घरात मात्र सकाळची भाजी संध्याकाळी चालत नाही, असं त्याची बायको सांगते. त्याची मोठी युक्ती म्हणजे मूळ हार एकच. त्यात फूल बदललं, की जिथे जिथे तो हार लावलाय तिथे आपोआप बदलतं. मी चौथी शिकलेली, मलाही हे कळलं. त्यालाच एकदा विसर पडला. एका मयतासाठी त्याने झेंडूचा हार चंदनाचा केला, आणि त्याच दिवशी वाढदिवसाच्या फ्लेक्सवर एका धडधाकट व्यापाऱ्याच्या गळ्यात चंदनाचा हार छापून आला. व्यापारी दुकानात येऊन शांतपणे म्हणाला, "मी कधी मेलो रे?" हा म्हणतो, "नही आबा, फक्त हार बदली ग्या."

आमचे हे गेले, तेव्हा दहाव्याचा फ्लेक्स त्यानेच केला. यांचा धड फोटो एकच. हे मळ्यातून आल्यावर नातीने मोबाइलवर काढलेला, तोच फ्लेक्ससाठी याला पाठवला. नंतर तो मोबाइल बिघडला, त्यातलं सगळं गेलं. मी दुकानात गेले तर पडद्यावर निळ्या कोटातला कुणी साहेब. गावातल्या सगळ्या मेलेल्या पुरुषांना हा तोच कोट घालतो. यांनी लग्नातही कोट घातला नव्हता.

"हाई कोण शे?" मी विचारलं.

"अक्का, शोभी ऱ्हायनात ना."

"शोभाले काय लगीन शे? काढ तो."

म्हटलं खरं, आणि लगेच त्याला थांबवलं. कोट घालताना खालचा माणूस पुसला गेला असेल, तर दुसरा फोटो आणायचा कुठून? तेच त्याला विचारलं.

"मी खालनं कधीच पुसस नही, अक्का," तो म्हणाला आणि बटण दाबलं. कोट गेला. खाली केळीच्या चिकाने काळा पडलेला शर्ट, वरचं बटण तुटलेलं, आणि आत्ताच कुणावर तरी खेकसणार असं तोंड.

"डाग काढू का?"

"ऱ्हाऊ दे."

मी यांच्याकडे बघत स्टुलावर बसून राहिले. बाहेर गिऱ्हाईक ताटकळत होतं. त्याने पडदा बंद केला नाही, की मला ऊठ म्हटलं नाही.