राळेगावजवळ विणलेली बाज

किशोरला घरी आणायला मीच जायचं, हे ठरलं तेव्हा मला कोणी विचारलंच नाही. आईचे गुडघे धरलेले, बाबांना रजा नाही, उरलं कोण? किशोर माझा धाकटा भाऊ, दारूपायी घर सोडून वर्ध्याच्या स्टँडवर पडून असायचा. तिथून एका ख्रिस्ती संस्थेनं त्याला उचलून राळेगावकडच्या आपल्या आश्रमात नेलं. आता बरा आहे, असा निरोप आला होता.

तुम्हाला जायचं असेल तर यवतमाळहून कळंबमार्गे राळेगावची एसटी धरा. बायकांना अर्धं तिकीट आहे, बसायला जागा मात्र नशिबानं. मी कळंबपर्यंत उभीच होते. राळेगावच्या स्टँडवर तर्री-पोहे खाऊन घ्या, कारण पुढचा ऑटो भरल्याशिवाय हलत नाही. दोन्ही बाजूंना कपाशी फुटली होती. एरवी ढीगभर फोटो काढले असते, पण अंगात त्राणच नव्हतं.

फाटकावर क्रूस, आत कौलारू खोल्या. फादर केरळचे, पण वऱ्हाडी आमच्याहून ठसकेबाज. 'धर्म बदलवला का ते पाह्यजो,' असं आईनं बजावलं होतं. किशोरच्या गळ्यातली तुळशीची माळ जागच्या जागी होती.

तो निंबाखाली बाज विणत होता. इथली रीतच आहे: रस्त्यावरून नवा माणूस आला की जुन्यानं त्याच्यासोबत बसून त्याची बाज विणायची. एकानं दोरी ओवायची, दुसऱ्यानं ताणून धरायची. कालच आलेले कोंडबाकाका दोरी ताणून धरून होते. शेवटची गाठ बसली आणि मी थकून त्या बाजेवर धपकन बसले. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"ताई, ऊठ! त्याच्यावर पयले काका निजन!" किशोर ओरडला.

मी ओशाळून उठले. काका आडवे झाले ते चपला उशाशी घेऊन, स्टँडवर कोणी चोरू नये म्हणून झोपतात तसे. किशोरनं त्या हळूच काढून बाजेखाली ठेवल्या. "काका, इथं कोनी नेत नाही." किशोरही स्टँडवर किती दिवस असा झोपला असेल, या विचारानं मला रडूच आलं.

प्रार्थना झाली, मग वरण-भात आणि वांग्याची भाजी. जेवण झाल्यावर म्हटलं, "चाल, बॅग भर."

"मी नाही येत, ताई."

"काहून रे? आई वाट पाहून राह्यली!"

"मले बी घर आठवते. पन गुत्ता अन् घर एकाच गल्लीत हाये. माहे पाय कोनीकडं वळतीन, मले अजून सांगता येत नाही."

मी चिडले. इतका जीव आटवून आले, आणि हा नाही म्हणतो! "फादर, तुमीच सांगा याले."

"मी जा म्हनत नाही, राहा बी म्हनत नाही. दार उघडंच हाये, ताई."

परतीच्या बसमध्ये जागा मिळाली. मी यवतमाळपर्यंत मेल्यासारखी झोपले.

आई दारातच उभी होती, माझ्या पाठीमागे बघत.

"नाही आला?"

"नाही. पिऊन असला की दरवेळी 'हो, सोडतो' म्हने ना, आई? आज शुद्धीवर होता, अन् 'नाही' म्हनला."

आई उंबऱ्यावरच बसली आणि रडायला लागली. मीही तिच्याजवळ बसले. बराच वेळ चहा ठेवायला कोणी उठलं नाही.