ओठ हलवण्याचे दिवस

आमच्या घरातलं गाणं बंद झालंय, हे माझ्या लक्षात यायला चार-पाच दिवस गेले. घरात काहीतरी कमी आहे असं वाटत होतं, पण काय ते सापडत नव्हतं. पंखा थांबल्यावर आधी नुसतंच चुकल्यासारखं वाटतं, आणि मग वर बघितल्यावर कळतं, तसं झालं होतं.

मुलगी तेव्हा सहावीत होती. डोंबिवली पूर्वेला तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या दोन खोल्यांत ती सकाळी उठल्यापासून गुणगुणत असायची. दात घासताना, बुटांच्या नाड्या बांधताना, गणितं सोडवताना. निम्मे शब्द गाण्याचे, निम्मे स्वतःच्या पदरचे. आवाज मात्र पातळ नाही. जाड, थोडा खरखरीत, कुठून तरी खालून वर येणारा. तो माझ्याकडून गेलेला. मी ठाण्याला खोपटच्या एसटी डेपोत वाहतूक नियंत्रक आहे. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली ते माइकवरून सांगायचं, हे माझं रोजचं काम. लहानपणी ती माझ्याबरोबर डेपोत आली की तोंडाजवळ मूठ धरून माझी नक्कल करायची, आणि बाकावर पेंगणारी एखादी बाई पिशवी उचलून उभी राहायची.

त्या वर्षी शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या समूहगीतासाठी तिची निवड झाली होती. निवड झाली त्या दिवशी तिने जिन्यातूनच ओरडत बातमी आणली होती. आणि आता दोन आठवड्यांनी घर गप्प होतं.

मी सकाळपाळी करून दुपारी घरी आलेलो. ती खिडकीत बसून वेणीची रिबीन बोटाला गुंडाळत होती. पुन्हा सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती.

"तालीम कशी चाललीये?" मी विचारलं.

"चाललीये."

"म्हणून दाखव की."

"नको."

"एकच कडवं."

ती बाहेर बघत म्हणाली, "बाबा, मी गात नाही. मी फक्त ओठ हलवते."

मग तुकड्या-तुकड्याने सगळं कळलं. तालमीत सूर जुळेना म्हणून गाण्याच्या बाईंनी पेटी थांबवली. एकेक रांग वेगळी गाऊन घेतली. मग हिच्या रांगेतली एकेक मुलगी. शेवटी हिला म्हणाल्या, "तुझा आवाज सगळ्यांतून वेगळाच निघतो गं. तू उभी राहा, पण नुसते ओठ हलव. कुणाला कळायचं नाही." बाकीच्या मुली हसल्या. डब्याच्या सुट्टीत कुणीतरी तिला 'म्यूट' म्हटलं, आणि ते नाव चिकटलं. ए म्यूट, पट्टी दे ना. ए म्यूट, आज डब्यात काय?

"त्यापेक्षा काढून टाकलं असतं तर बरं झालं असतं," ती म्हणाली.

"अगं, एवढं काय त्यात?" मी म्हणालो. "मोठी झालीस की विसरून जाशील."

ती खिडकीतून उतरली आणि आतल्या खोलीत निघून गेली. बायको ओट्यापाशी उभी होती. तिने वळून माझ्याकडे बघितलं. "मोठी झाल्यावरचं मोठी झाल्यावर बघू," ती म्हणाली. "तिला आज लागलंय."

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेलो. मनातल्या मनात भांडण तयार करून गेलेलो, पण बाई भांडण्यासारख्या नव्हत्याच. तरुण होत्या, तालमी घेऊन त्यांचाच घसा बसला होता. गळ्याला मफलर होता. "तिचा आवाज वाईट नाही हो," त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "मिसळत नाही. वीस मुली एका सुरात यायला हव्यात, आणि माझ्याकडे दिवस थोडे आहेत." एकटीने म्हणायच्या गाण्यांची निवड आधीच होऊन गेली होती. मी नमस्कार करून निघालो. जिना उतरताना पटांगणात तिच्या वर्गाची रांग दिसली, आणि रांगेतून तिला मी दिसलो.

"तू कशाला आलास?" घरी आल्यावर दप्तरही न उतरवता ती म्हणाली. "आता सगळे म्हणतायत, म्यूटचे पप्पा कंप्लेंट करायला आलेले."

मी तिच्या आवडीचं आइस्क्रीम आणलं, ते फ्रीजमध्ये तसंच राहिलं.

बायकोने यातलं काही केलं नाही. ती रोज संध्याकाळी मटारच्या शेंगा घेऊन जमिनीवर बसायची, आणि थोड्या वेळाने लेक येऊन समोर बसायची. ताटलीत दाणे पडल्याचा बारीक आवाज यायचा. मी वर्तमानपत्राआडून ऐकायचो. लेक काहीतरी बोलायची, मग गप्प व्हायची. बायको म्हणायची, "मग?" आणि थोड्या वेळाने, "मग गं?" बाईंना ती वाईट म्हणाली नाही, मुलींना वाईट म्हणाली नाही, आपली पोर किती गुणाची तेही सांगितलं नाही. त्या संध्याकाळी आता आठवतात तेव्हा मला शब्द आठवतच नाहीत. हिरवी टरफलं आठवतात, आणि दोघींच्या पायांवर पडलेला ट्यूबलाइटचा पांढुरका उजेड.

डिसेंबरात बायकोच्या माहेरी लग्न निघालं. मी देशावरचा, नोकरीमुळे इकडे आलेला. ती ठाण्याची, खाडीकाठच्या कोळीवाड्यातली. तिच्या चुलतभावाच्या मुलीची हळद रविवारी होती. जेवून आम्ही बसने निघालो. शीळफाट्याला नेहमीसारखी कोंडी. गाडी थांबली ती थांबलीच. चालकाने इंजिन बंद केलं आणि त्या एवढ्या रस्त्यावर एकदम शांतता पसरल्यासारखं वाटलं. खिडकीतून ऊन आत आलं होतं. लेक काचेला डोकं टेकून बसली होती, तिच्या श्वासाने काचेवर धुकट गोल उमटायचा, विरायचा. पुढे गाडी सुटली, मुंब्र्याचे डोंगर अगदी जवळून सरकत गेले. अर्धवट झोपेत मला वाटलं, आम्ही ठाण्याला नाही, कुठेतरी खूप लांब चाललोय, आणि तिथे पोचेपर्यंत हिला बोलावं लागणार नाही.

कोळीवाड्यात गल्लीभर मांडव घातला होता. छताचं कापड पिवळं, त्यामुळे खालून जाणाऱ्या प्रत्येकाचा चेहरा आधीच हळद लागल्यासारखा. टोकाला खाडी. ओहोटी होती, चिखल चकाकत होता, तिवरांमध्ये बगळे उभे होते, आणि दूरच्या पुलावरून वाहनांची एकसारखी घरघर येत होती. सुकटीचा वास, ओल्या हळदीचा वास आणि खोबरेल तेल.

बायकोची एक आत्या तिथे धवलारीण आहे. लग्नाचा एकेक विधी तिच्या गाण्याने चालतो. मांडवाला उंबराची फांदी लागली की एक गाणं, हळद दळायला घेतली की दुसरं, नवरीला पाटावर बसवली की तिसरं. ती एक ओळ म्हणते, मागे बसलेली तिची जोडीदारीण तीच ओळ पुन्हा म्हणते, आणि असं तासन्‌तास चालतं. त्या वर्षी जोडीदारीण गुडघ्यांमुळे आली नव्हती.

"माझे मागं कोन बोलंल गो?" आत्याने विचारलं. बायका हसत एकमेकींना पुढे ढकलू लागल्या. डीजेवरची हळदीची गाणी सगळ्यांना येत होती, ही कुणालाच पुरी येत नव्हती. शेवटी माझी बायको पुढे सरकली. लेक आईला चिकटूनच होती, तीही तिच्याबरोबर सरकली.

आत्याने सुरुवात केली. तिचा आवाज ऐकून मी हातातला चहा तसाच धरून राहिलो. इतकी वर्षं या घरात येतोय, पण हळदीच्या वेळी मी नेहमी बाहेर पुरुषांत बसलेला असायचो. आवाज पार जाड, मधेच चिरलेला. ती सूर्याला लग्नाचं बोलावणं करत होती, मग चंद्राला, मग गावदेवीला, मग खाडीला. सगळ्यांना एकाच चालीत, कुणालाही घाई नाही. बायको मागून ओळ उचलत होती, अडखळत होती. चाल सोपी होती. पाच-सहा ओळींनंतर ती कुणाच्याही तोंडात बसली असती.

आणि मग मला दिसलं, लेकीचे ओठ हलत होते. प्रत्येक ओळीला, बरोबर जागेवर. आवाज नव्हता. शाळेत लागलेली सवय ती इथेही घेऊन आली होती. मी खांबापाशी उभा होतो, मध्ये एवढ्या बायका बसलेल्या. जाऊन करणार तरी काय होतो?

आत्याचं तिच्याकडे लक्ष गेलं. तिने ओळ संपवली आणि म्हणाली, "गो बाय, तुझं व्हट हालतान, पन मना काय आयकू नाय येत."

लेक गडबडली. आईकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, "माझा आवाज वेगळा येतो."

"काय?"

"माझा आवाज वेगळा येतो!"

"हां, आता आला," आत्या म्हणाली. "आसाच बोल. मना या कानान कायच आयकू नाय येत. तू अशी या बाजूला बस."

तिने लेकीला दंडाला धरून आपल्या दुसऱ्या बाजूला ओढून घेतलं आणि पुढची ओळ सुरू केली. लेकीला विचार करायला वेळच मिळाला नाही. तिने ओळ उचलली. पहिल्यांदा अर्धीच. मग पूर्ण. मग आत्याला ऐकू जावं म्हणून मोठ्याने.

दोन जाड आवाज, एक पार जुना आणि एक कोवळा, मांडवात पुढे-मागे चालू लागले. लेक कधी शब्द गिळायची, कधी चाल सोडून भलतीकडे जायची. आत्या थांबत नव्हती, शाबासकीही देत नव्हती. आणि मला सगळ्यांत जास्त काय आठवतं, तर कुणीही वळून बघितलं नाही. एक बाई नवरीचे केस सोडवत होती, एक पोराला भरवत होती, दोघी हळद कालवत होत्या. हिचं गाणं ऐकायला म्हणून कुणी बसलं नव्हतं. त्यावर सगळ्यांचं काम चाललं होतं. छतातून येणारा पिवळा उजेड हळूहळू दाट झाला. खाडीत कधी पाणी भरलं ते कळलं नाही. बघितलं तेव्हा चिखल दिसेनासा झाला होता आणि होड्या हलायला लागल्या होत्या.

परत येताना ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. तळवे पिवळे, घसा बसलेला. मला वाटलं, सुटलं एकदाचं.

तसं काही झालं नव्हतं. सोमवारी सकाळी तिच्या पोटात दुखायला लागलं. शाळेत जाणार नाही म्हणाली. बायकोने तिला ओवा दिला, वेणी घातली आणि पाठवलं. मंगळवारीही तेच. बुधवारी मटार सोलताना लेक म्हणाली, "मी बाईंशी बोलणार आहे. मला गायला द्या म्हणून." मग माझ्याकडे वळून, "तू येऊ नकोस हां."

"बाई नाही म्हणाल्या तर?" बायकोने विचारलं.

"तर नाही."

"चालेल तुला?"

सोललेली शेंग तिच्या हातात तशीच होती. "नाही चालणार," ती म्हणाली. "पण मी विचारणार."

मला फार वाटलं की तिला काहीतरी शिकवून पाठवावं. काय म्हणायचं, कसं उभं राहायचं. बायकोने नजरेनेच मला गप्प केलं.

गुरुवारी संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा दोघी जमिनीवर बसल्या होत्या. लेकीचे डोळे सुजलेले. "बाईंनी गाऊन बघायला सांगितलं," ती म्हणाली. "सगळ्यांबरोबर. दोनदा. मग म्हणाल्या, नाही गं जमत. ओठ हलवत उभी राहा, नाहीतर प्रेक्षकांत बस."

"मग?"

"मी म्हटलं, बसते."

एवढं बोलून ती पुन्हा रडली. या वेळी मी तिच्याशेजारी भिंतीला टेकून बसलो. तिचं रडणं संपायला वेळ लागला, आणि आम्ही दोघांनी तो लागू दिला. मग तिने नाक पुसलं आणि भूक लागली म्हणाली. बायकोने बोंबील तळले. ती चार खाऊन उठली.

संमेलन शाळेच्याच पटांगणावर होतं. ती आमच्या दोघांच्या मध्ये बसली, घरच्याच फ्रॉकमध्ये. समूहगीताच्या मुली रांगेने मंचावर आल्या, सारख्या साड्या, सारखे गजरे. तिची जागा कुठली होती ते मला ओळखता आलं नाही. मुलींनी थोडं थोडं सरकून ती भरून काढली होती. गाणं सुरू झालं तसा तिने माझा हात धरला. घट्ट. पहिल्या कडव्यात तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. दुसऱ्या कडव्यापासून ती ऐकायला लागली. मान किंचित तिरकी करून, खरोखर ऐकत. संपल्यावर तिने टाळ्या वाजवल्या.

"छान झालं," ती म्हणाली. मग जरा थांबून, "वरती थोडं फाटलं त्यांचं."

कार्यक्रम संपल्यावर गेटपाशी समूहगीतातली एक मुलगी साडी सावरत धावत आली. "तू का नाही आलीस गं स्टेजवर? आपली साडीपण ठरलेली."

"मला गायचं होतं," लेक म्हणाली.

त्या मुलीला ते कळलं नाही. तिने आपल्या गजऱ्यातली चार फुलं तोडून हिच्या हातात दिली आणि आईच्या हाकेसरशी पळाली. लेकीने फुलांचा वास घेतला आणि ती आईच्या पर्समध्ये टाकली.

आम्ही चालतच निघालो. थंडी पडायला लागली होती. कुठल्याशा सोसायटीत मुलं बॅडमिंटन खेळत होती, आणि त्यांचं फूल दिव्यापर्यंत जाऊन पांढरं होऊन परत यायचं. लेक आमच्या थोडी पुढे होती. मधेच ती थांबली.

"पुढच्या वर्षी मी कबड्डीत नाव देऊ?"

"दे की," मी म्हणालो.

"आणि तिथेही नाही घेतलं तर?"

बायको म्हणाली, "तर घरी येऊन सांग."

"हो," ती म्हणाली, आणि पुन्हा पुढे चालायला लागली.