बरोबरकाकांचा होकार

आमच्या रस्त्यावरच्या न्हाव्याला सगळे बरोबरकाका म्हणतात, आणि हे नाव त्यांनी स्वतःच्या कष्टाने कमावलेलं आहे. खुर्चीत बसलेला माणूस काहीही बोलो, काकांचं उत्तर एकच, "बरोबर आहे." सरकार पडायला हवं? बरोबर आहे. टिकायला हवं? तेही बरोबर. मी एकदा वैतागून विचारलं, तुम्हाला स्वतःचं मत आहे की नाही? तर म्हणाले, "चष्मेवाले, माझ्या हातात वस्तरा असतो. मी वाद घातला की गिऱ्हाईक तावातावाने मान हलवणार. मान हलली की रक्त आलंच." हा नियम त्यांच्या वडिलांचा, आणि काकांनी तो कधी मोडला नव्हता.

माझं चष्म्याचं दुकान त्यांच्या दुकानाला लागून आहे. मधे नुसतं प्लायवुड. त्यामुळे तिकडचं सगळं मला ऐकू येतं. खरं सांगायचं तर मी कान लावून ऐकतो.

रस्त्याच्या टोकाला फुटबॉलचं मैदान आहे, आणि आमचा संघ या मोसमात असा काही हरत सुटला होता की विचारू नका. शेवटी हेड कोच गेला. गेला म्हणजे घालवला. एका पराभवानंतर आमच्याच लोकांनी त्याच्या घरावर दगडफेक केली. आत बायको होती, तापाने फणफणलेलं मूल होतं. शेजाऱ्याच्या व्हॅनमध्ये मागच्या बाजूला आडवं पडून ते कुटुंब गाव सोडून गेलं. नंतर काकांच्या खुर्चीत पुढाऱ्यांसारखा खाकरून ढोलवाला म्हणाला, "दगड मारणं चुकलंच. पण माणसाने हरायचं तरी किती!" सामन्याला प्रेक्षकांच्या स्टँडमध्ये ढोल वाजवतो म्हणून तो ढोलवाला; एरवी टायरचं दुकान आहे त्याचं. सभ्य माणूस आहे. त्या दिवशी पहिला दगड त्याचाच होता, असं म्हणतात.

दुसऱ्या दिवसापासून नव्या कोचचा शोध सुरू झाला, म्हणजे अर्थातच काकांच्या दुकानात. कुठल्याशा शाळेतून निवृत्त झालेले मास्तर टीव्हीवर परदेशी सामने बघतात, म्हणून त्यांना परदेशी कोच हवा होता. "शिस्त लागते हो, शिस्त!" काका म्हणाले, बरोबर आहे. ढोलवाल्याला जुना कप्तान हवा होता. "रक्तात संघ पाहिजे, काका." तेही बरोबर. काठावर बसून दुसऱ्याला पोहायला शिकवणारी ही मंडळी. चेंडूला लाथ मारायला लावलं तर दोघांचीही कंबर धरेल. पण खुर्चीत बसलं की प्रत्येक जण कोच.

काका मात्र आतून घाबरून गेले होते, आणि त्याचं कारण फक्त मला माहीत होतं. संघाचा असिस्टंट कोच हा त्यांचा जावई. मैदानावर सरावासाठी शंकू मांडायचे, बाटल्या भरायच्या, दुखावलेल्या खेळाडूला आधार देत बाहेर आणायचं, हे त्याचं काम. स्टँडमधल्या कुणाला त्याचा चेहराही नीट माहीत नव्हता, आणि काकांना ते तसंच हवं होतं. दगडफेकीनंतर तर त्यांनी लेकीला सांगून टाकलं, "तू माझी मुलगी आहेस हे इथे कुणाला कळता कामा नये. जावईबापूंनाही म्हणावं, दुकानात येऊ नका."

रोज सकाळी ते प्लायवुडवर टकटक करायचे. "आज पेपरात कुणाचं नाव?" मी परदेशी नावं वाचून दाखवायचो. जावयाचं नाव नाही असं कळलं की सुस्कारा सोडायचे.

"माझी लेक जावईबापूंच्या घरात राहते हो," एकदा म्हणाले. "आणि त्या घराच्या खिडक्या केवढ्या मोठ्या आहेत."

मग परदेशी कोचने नकार कळवला. जुन्या कप्तानाने फोनच उचलला नाही. त्याच दिवशी ढोलवाला दाढीला आला. काकांनी फेस लावला, वस्तरा गळ्याला टेकवला, आणि हा मान वर करून म्हणतो, "काका, एक डोक्यात आलंय. तो असिस्टंट आहे ना, टोपीवाला, गप्प गप्प असतो तो? त्यालाच का करू नये? पोरांची नस माहीत आहे त्याला. बरोबर ना?"

मी भिंतीअलीकडे कान आणखी जवळ नेला.

"बरोबर आहे," काका म्हणाले.

अहो, सवय! जन्मभराची सवय. ढोलवाल्याने खुर्चीच्या हातावर थाप मारली. "बघा! काका पण तेच म्हणतात!" आणि अर्धवट दाढीवरचा फेस टॉवेलने पुसत तो थेट रस्त्यावर गेला. थोड्या वेळाने काका माझ्या दारात उभे. हातात उघडा वस्तरा, चेहरा पांढराफटक.

"चष्मेवाले, मी काय बोललो?"

"रोज बोलता तेच."

"मागे घेता येईल का?"

येणार कसं? नाही म्हणायचं तर का ते सांगावं लागणार, आणि का ते सांगितलं की नातं उघडं पडणार. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. दुपारी मैदानाच्या गेटवर घोषणा सुरू झाल्या. क्लबवाले शोधून शोधून थकलेलेच होते. संध्याकाळपर्यंत जाहीर झालं. लोकांनी जावयाला खांद्यावर घेऊन आमच्याच रस्त्यावरून मिरवलं. काका शटर अर्धं ओढून आत बसले होते.

सकाळी जावई दुकानात आला, उघड उघड, आणि खुर्चीत बसला. काकांनी त्याच्या गळ्याभोवती कापड बांधलं.

"जावईबापू, एक सांगू? हे काम सोडा. आजच सोडा. तब्येतीचं कारण सांगा."

त्या खुर्चीत बसलेल्या माणसाला काकांनी विरोध केलेला मी पहिल्यांदाच ऐकला.

"मामा, मी नाहीच म्हणालो होतो. दोनदा. मलाही ते घर आठवतं, ते पोर आठवतं. मग गेटवर ढोलवाला ओरडला, 'बरोबरकाका म्हणतात, हाच माणूस!' लग्न झाल्यापासून तुम्ही माझ्याशी फुटबॉलबद्दल एक शब्द बोलला नाहीत. मला वाटायचं, माझं काम तुम्हाला पोरखेळ वाटतं. तुमचं ते ऐकलं आणि मी सही केली." मग त्याने विचारलं, "तुम्हाला खरंच तसं वाटलं ना, मामा?"

सांगा की खरं, मी मनात म्हणत होतो. सांगा, ती नुसती सवय होती.

"बरोबर आहे," काका म्हणाले. दाढी मात्र त्यांनी केली नाही. वस्तरा मिटून ठेवला, म्हणाले, उद्या या.

रविवारी काकांनी दुकान बंद ठेवलं आणि मला मैदानावर नेलं. आयुष्यात पहिल्यांदा ते सामन्याला आले होते. तिकीट काढलं ते आमच्या संघाच्या बेंचच्या अगदी मागचं. मी म्हटलं, इथून खेळ दिसत नाही, वर चला. त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. ते मैदानाकडे बघतच नव्हते. वळून वळून वरच्या रांगांकडे बघत होते, लोकांच्या हातांकडे.

मध्यंतराआधी आपल्यावर गोल झाला. ढोल थांबला. हजारो माणसं गप्प झाली की कसं वाटतं ते मला त्या दिवशी कळलं. कुणीतरी शिवी हासडली. एक बाटली हवेतून येऊन कुंपणावर आपटली.

काका उठले. जावई समोरच्या बेंचवर आमच्याकडे पाठ करून बसला होता, त्याला यातलं काही माहीत नव्हतं. काका त्याच्या बरोबर मागे, मैदानाकडे पाठ करून उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही हात पसरले.

"ओ काका, खाली बसा!" वरून ढोलवाला ओरडला. "दिसत नाही!"

काका बसले नाहीत.