न पाहिलेले सिनेमे

राहुरीच्या स्टँडमागं ज्यांच्याकडे मी दाढीला जातो, त्यांना सिनेमाच्या राष्ट्रीय पुरस्कारांचा सगळा इतिहास तोंडपाठ आहे. "आधी राष्ट्रपतींचं पदक हुतं, सुवर्णकमळ मागून आलं," असं वस्तरा पुसता पुसता सांगतात आणि सालागणिक नावं घेतात. त्यातला एकही सिनेमा त्यांनी पाहिलेला नाही. इकडं ते कधी लागलेच नाहीत. रेडिओवर नाव ऐकायचं आणि दिवसभर कात्री चालवत त्याची गोष्ट आपणच रचायची, ही त्यांची जुनी सवय.

मागच्या महिन्यात मी त्यातला एक बंगाली सिनेमा मोबाईलवर लावून त्यांच्या हातात दिला. दोनच मिनिटं पाहिला त्यांनी. चेहरा उतरला. मोबाईल हळूच परत देत म्हणाले, "न्हाई सर, ह्यात नदी न्हाई. माझ्यात लई मोठी नदी हाय."

त्यांचं काहीतरी माझ्या हातून मोडलं, असं वाटलं मला. मी म्हणालो, "मग तुमचा सांगा."

त्यांनी दुकानाचं दार लोटून घेतलं. माझ्या खुर्चीमागं उभं राहून, आरशात कुठंतरी लांब बघत ते म्हणाले, "सकाळ हाय. नावंत एक बाई बसलीय."