नाव नसलेलं बटण

नंदनवन वस्तीतल्या भावना वासनिकला दिसत नाही. बोटाखाली जे येईल ते फोन मोठ्यानं वाचतो आणि ती ऐकून कामं उरकते. उगाच बॅटरी कशाला जाळायची, म्हणून स्क्रीन कायम काळी ठेवते. कोणतं अॅप नीट बोलतं आणि कोणतं मुकं, हे ती स्वतः वापरून न दिसणाऱ्यांच्या ग्रुपवर सांगते; उमरेडपर्यंतचे लोक तिच्या शब्दावर अॅप घेतात.

बसच्या तिकिटांचं एक अॅप तिनंच सगळ्यांना सुचवलं होतं. दिवाळीआधी कंपनीनं ते नव्यानं सजवलं आणि ते मुकं झालं; फोनला त्यातलं काही नीट वाचता येईना. तिनं सात मेल केले. उत्तर आलं, "घरातल्या डोळस माणसाची मदत घ्या." तिचं डोकंच सणकलं. घरात ती आणि नवरा नागसेन, आणि त्यालाही दिसत नाही.

अपंग दिनाला त्याच कंपनीनं तिचा सत्कार ठेवला. मॅनेजरनं तिला शाल पांघरली, नारळ दिला आणि तो म्हणाला, "ताई, दोन शब्द बोला."

भावनानं नारळ त्याच्याच हातात कोंबला, अॅप उघडून फोन माइकला लावला आणि बोट फिरवलं. सभागृहभर आवाज घुमला, "नाव नसलेलं बटण. नाव नसलेलं बटण. नाव नसलेलं बटण."

"यातून उमरेडचं तिकीट काढून द्या, साहेब."

मॅनेजर फोनवर वाकला. "ताई, स्क्रीन तर काळी आहे. काहीच दिसत नाही."

"मंग घरातल्या डोळस माणसाले बोलवा," भावना म्हणाली.